रविवारचे दोन तास

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्यात एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढत होते. दोन महिन्यांची रजा टाकून गावी आले. भाऊ मुंबईत, त्याची मुलं शाळेत, आई जाऊन बरीच वर्षं झालेली आणि मी एकटी. त्यामुळे कोणी यायचं यावर चर्चाच झाली नाही. दोन महिन्यांचे चार झाले. कचेरीने माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. पुण्याची खोली मी फोनवरूनच सोडली आणि एका मैत्रिणीने सामान टेम्पोत भरून पाठवलं. त्यातली निम्मी खोकी अजून माळ्यावर बांधलेलीच आहेत. ती सोडली की मी इथे राहायला आले असं होईल, म्हणून सोडत नाही. आता सातवं वर्ष चालू आहे.

आमचं घर मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर. बाबा या खाडीवरच्या प्रवासी लाँचचे सारंग होते, लाँच तेच चालवायचे. पूल झाला, लाँच बंद पडली, तरी पाण्याचा हिशेब त्यांच्या अंगात राहिला होता. खुर्चीत बसल्या बसल्या ते सांगायचे, आता सुकती, म्हणजे ओहोटी, संपली, आता पाणी फिरलं. झटक्यानंतर उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. राहिला एकच शब्द, 'रव'. आमच्या मालवणीत 'रव' म्हणजे थांब, आणि 'रव' म्हणजे राहा. तहान लागली तरी रव, कूस बदलायची असली तरी रव, मी खोलीतून उठले तरी रव. कुठला रव कशासाठी हे मी त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायला शिकले. बहुतेक वेळा बरोबर ओळखायचे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शेजारच्या वाडीतले एक निवृत्त खलाशी बाबांना भेटायला आले. वय पासष्टीच्या आसपास, ख्रिश्चन, जन्मभर परदेशी बोटींवर स्वयंपाक केलेला. गावात सगळे त्यांना पात्रांव म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायचे. लहानपणी ते बाबांच्या लाँचमधून शाळेला जात. बाबांच्या उशाशी ते तासभर बसले. मी बाजूला मच्छरदाणीचं भोक रफू करत होते. निघताना त्यांनी ती मच्छरदाणी उचलून उजेडात धरली आणि भोक कुठे होतं ते शोधत राहिले. त्यांना ते सापडलं नाही.

पुढच्या शनिवारी ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची एक लहानशी पकड होती, मासे पकडायच्या गऱ्या होत्या, रिळं होती, कोंबड्याच्या मानेची पिसं होती. एका बोटीवरच्या इंजिनिअरने त्यांना थंड मुलखातल्या नद्यांवर माशीने गरवायला शिकवलं होतं. माशी म्हणजे खरी माशी नव्हे. गरीवर पिसं आणि केस बांधून तयार केलेलं खोटं भक्ष्य. तिकडे ते पाण्यावर बसणाऱ्या माशीसारखं करतात म्हणून नाव माशी पडलं. आमच्या खाडीत माशांना माश्या नको असतात, लहान मासळी आणि कोळंबी हवी असते. तर पात्रांव कोळंबीसारखी माशी बांधायचे. गावी परतल्यावर त्यांनी सात-आठ जणांचा एक क्लब जमवला होता. त्यात औषधाच्या दुकानाचे मालक होते, एसटी डेपोतला एक मेकॅनिक होता, कॉलेजचे एक सर होते. पाग टाकून किंवा रापणीची जाळी ओढून पोट भरणाऱ्यांना हे सगळं वेडेपणाचं वाटायचं, आणि क्लबवाल्यांचीही त्याला हरकत नसायची.

पात्रांवांचे हात आता थरथरायचे. त्यांनी मला एक माशी बांधून दाखवली आणि म्हणाले की दुसरी तू बांध. गरी पकडीत घट्ट बसवायची, दोऱ्याचा पाया घालायचा, मग बोकडाच्या शेपटीचे केस, वर जर, दोन काळे मणी डोळ्यांसाठी, शेवटी गाठ आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. नकाशाच्या टेबलावर मी वीस वर्षं याहून बारीक काम केलेलं. पहिलीच माशी त्यांनी दिव्याकडे धरून फिरवली आणि खिशात टाकली. डबा माझ्याकडेच राहिला.

बाबांच्या खाटेजवळ टेबल होतंच, औषधांचं. त्याच्या कडेला मी पकड आवळली. दुपारी बाबा डोळे मिटून पडले की मी बांधायला बसायची. आईच्या एका फाटक्या शालूची जर उसवून घेतली. शेजारच्या काकींचा कोंबडा कापला गेला की मानेची पिसं त्या कागदात गुंडाळून पाठवायच्या. पात्रांव दर शनिवारी येऊन बांधलेल्या माश्या घेऊन जायचे आणि कुठल्या माशीवर काय लागलं ते सांगायचे. एकदा मेकॅनिक स्वतः आला. माझ्या माशीवर त्याला हातभर लांबीची चोणक लागली होती. फोनमधला फोटो त्याने मला दाखवला, मग बाबांना दाखवला. चोणकीच्या जबड्याच्या कोपऱ्यात माझी जर चमकत होती. त्याच्या मागे बंधारा, खारफुटी आणि सकाळचं पाणी. तो गेल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली आणि किती तरी वेळ तेच पातेलं घासत राहिले. ती जागा घरापासून चालत वीस मिनिटांवर होती आणि गावी आल्यापासून मी तिथे एकदाही गेले नव्हते.

दीड वर्ष मी दुसऱ्यांसाठी बांधत राहिले. मग एका शनिवारी पात्रांव म्हणाले की उद्यापासून तू यायचं. बाबांचं काय हा प्रश्न त्यांनी मला विचारूच दिला नाही. ते काकींशी आधीच बोलून आले होते. काकी दर रविवारी सात ते नऊ बाबांजवळ बसतील. नऊच्या पुढे नाही, कारण त्यांची स्वतःची गुरं होती, घर होतं.

असे मला आठवड्याचे दोन तास मिळाले. जायला वीस मिनिटं आणि यायला वीस, म्हणजे पाण्यावर एक तास वीस मिनिटं. पहिले काही रविवार मी बंधाऱ्यालगतच्या कोरड्या खाजणात नुसती दोरी फेकायला शिकले. साध्या गरीला शिशाचं वजन असतं, ते फेकलं की दोर मागोमाग जातो. माशीला वजनच नसतं. इथे दोरी जाड आणि जड असते आणि तीच फेकायची असते. आधी गरवायची काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे मारायची. मला ती मधली सवडच जमत नव्हती. माझा हात घाईने पुढे यायचा आणि दोरी पायांत गोळा व्हायची.

"फाटसून दोरी सरळ होवंदे," पात्रांव म्हणायचे. "मगे फुडे मार. खंय जांवचा आसा तुका?"

मला कुठे जायचं होतं ते त्यांना ठाऊक होतं. नऊच्या आत घरी. माझं अर्धं लक्ष मनगटावरच्या घड्याळात असायचं. साडेआठ झाले की मी आवरायला घ्यायची आणि माझ्याकडे बघून बाकीच्यांना साडेआठ झाल्याचं कळायचं. मेकॅनिक त्यावरून थट्टा करायचा. घरी बाबांनाही रविवार ओळखता येऊ लागला होता. मी खुंटीवरची काठी काढली की ते डाव्या हाताने खाटेची पट्टी पकडायचे आणि म्हणायचे, रव. त्या वेळचा रव ओळखायला डोळ्यांत बघावं लागत नसे. मी बघतही नसे.

हे असं वर्षभर चाललं. मला एक तांबोशी लागली, दोन शेंगट्या लागल्या आणि एकदा एक मोठा मासा दोरी तोडून गेला.

तो रविवार पावसाळा सरल्यानंतरचा, दिवाळीच्या आसपासचा. सुकती होती. चिखलाचे पट्टे उघडे पडले होते आणि मधून पाण्याची अरुंद वाट वाहत होती. निघताना काकी म्हणाल्या होत्या की आज वेळेवर ये, साडेनऊच्या एसटीने त्यांना कुणकेश्वरला भाचीकडे बारशाला जायचं होतं. मी हो म्हणून निघाले.

बाकीचे बंधाऱ्याच्या मोडक्या दरवाजापाशी उभे होते. तिथे काही लागत नव्हतं. मी खारफुटीच्या वळणापलीकडे गेले, कारण तिकडे पाणी उसळताना दिसलं. बोय माशांची लहान पिल्लं घाबरून उड्या मारत होती, म्हणजे खाली काहीतरी मोठं होतं. काठावरून माझी दोरी तिथवर पोचत नव्हती. वीसेक पावलं चिखल ओलांडला तर पोचली असती. फोन भिजू नये म्हणून पिशवी बंधाऱ्यावरच ठेवली आणि उतरले.

दहा-बारा पावलं चिखल घट्ट होता. मग घोट्याएवढ्या पाण्यात डावा पाय गेला तो मांडीपर्यंत. तोल सावरायला उजवा टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. डावा उपसायला उजव्यावर जोर दिला की उजवा आणखी खाली जायचा. रबरी बूट खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखे रुतले होते. दोन्ही पाय खाली गेल्यामुळे घोट्याएवढं पाणी आता मांड्यांना लागलं होतं. मी काठी आडवी टाकून तिच्यावर रेटून पाहिलं. काठी वाकली आणि मोडली.

मग हाका मारल्या. पात्रांवांना, मेकॅनिकला, नुसत्याच. वारा समुद्राकडून येत होता, म्हणजे माझ्या तोंडावर. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. पाण्यावर तरंगणारी पानं मघाशी समुद्राकडे जात होती, ती जागच्या जागी फिरू लागली आणि मग हळूहळू वर, माझ्याकडे येऊ लागली. पाणी फिरलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी नंतर एकाच माणसाला सांगितलं आहे.

पहिला विचार आला तो काकींच्या एसटीचा. दुसरा बाबांचा, की नऊ वाजतील आणि त्यांना औषध द्यायला कोणी नसेल. आणि त्याच्या पाठोपाठ एक गोष्ट लक्षात आली. मी जाऊ शकत नव्हते. नऊ वाजले काय आणि दहा वाजले काय, मी जाऊ शकत नव्हते आणि त्यात माझा काही दोष नव्हता. माझ्याकडे फोन नव्हता. मला कोणी बोलावू शकत नव्हतं. साडेचार वर्षांत मी पहिल्यांदा अशा जागी होते जिथून उठून कुणासाठी काही आणायचं नव्हतं.

मी हाका मारायची थांबले.

घसा बसला म्हणून नाही. मी मुद्दाम गप्प झाले. पाणी मांड्यांवरून कमरेकडे सरकत होतं, कोमट होतं. समोरच्या तिवरावर एक खंड्या बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. अंगातली सगळी घाई उतरली. झोप लागण्याआधी हातपाय सैल पडतात तसे हात सैल पडले. घड्याळाकडे मी बघितलं नाही, म्हणून हे किती वेळ चाललं ते नक्की सांगता येणार नाही. अर्धा तास तरी असेल. मरायचं होतं का, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. तसं नव्हतं. मला फक्त तिथून हलायचं नव्हतं.

पाणी बरगड्यांना लागलं आणि थंड वाटलं. तेव्हा एकदम जाग आल्यासारखं झालं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले. कुठले शब्द ओरडले ते आठवत नाही.

पात्रांव खारफुटीच्या वळणावरून आले. दगडावर उभे राहिले, मला बघितलं आणि पुढे आले नाहीत. त्यांनी मागे वळून मेकॅनिकला माडाच्या झावळ्या आणि कुंपणाचा एक बांबू आणायला पिटाळलं. मग माझ्याशी बोलले, जेवायला बसायला सांगावं तितक्या शांतपणे.

"पाय ओढू नको. फाटी पड, उताणी. पाठ पाण्यार टाक."

मी म्हणाले की पाणी वाढतंय.

"वाढांदे. ता पाणीच तुका सोडवतला. चिखल सैल होतलो. तू पड."

माझा विश्वास बसला नाही, पण दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. मी मागे झुकले. कानात पाणी गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. नुसतं आभाळ दिसत होतं. पात्रांव हाताने खुणा करत होते, पाय हलव, थोडा, आणखी थोडा. उजवा पाय बुटातून निसटला. तोपर्यंत मेकॅनिक आणि सर झावळ्या अंथरत पुढे आले होते. झावळ्यांवर पालथं पडून मेकॅनिकने बांबू पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. डावा पाय सुटायला वेळ लागला आणि सुटला तेव्हा घोट्यात कळ गेली. दोन्ही बूट खालीच राहिले. त्यांनी मला बंधाऱ्यावर ओढून घेतलं तेव्हा मी जिथे उभी होते तिथे नुसतं पाणी दिसत होतं.

दहा वाजून गेले होते. मेकॅनिकने मला मोटरसायकलवरून घरी सोडलं.

दाराला बाहेरून कडी होती. काकी सव्वानऊपर्यंत थांबून निघून गेल्या होत्या. त्यांचा फोन बंधाऱ्यावरच्या माझ्या पिशवीत पाच वेळा वाजून गेला होता. मी कडी काढून आत गेले. बाबा खाटेवर अर्धवट कुशीवर होते. उशाकडचा पेला खाली पडून फुटला होता आणि चादर ओली झाली होती. त्यांनी मला बघितलं. छातीपर्यंत काळा चिखल, केसांत चिखल, पाय अनवाणी. डोळे वरून खाली गेले आणि परत वर आले. चाळीस वर्षं त्या खाडीत काढलेल्या माणसाला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी डावा हात पुढे केला, माझ्या मनगटावरचा सुकत आलेला चिखल नखाने खरवडला आणि नाकापाशी नेला. मग म्हणाले, रव.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एखाद्या बऱ्या दिवशी मला तेवढं पुरलं असतं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "किती रवू, बाबा? आजून किती रवू? सगळ्यांनी माका हयच ठेवल्यानी. माका नाय रवाचा हय."

घरात आम्ही कधी मोठ्याने बोलत नसू. माझा आवाज मला बाहेरच्या अंगणातून आल्यासारखा वाटला. बाबांनी हात मागे घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी चादर बदलली, काचा उचलल्या, औषध दिलं. त्यांनी ते गिळलं, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातची पेज घेतली नाही. चमचा ओठांना लावला की ओठ मिटून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी घेतली. भूक लागली म्हणून असेल.

काकी नंतर आल्या, पायरीवर उभ्या राहूनच बोलल्या. बारसं त्यांना मिळालं होतं, पण तिथे जेवण गोड लागलं नाही. एवढी जबाबदारी त्यांना झेपणार नाही. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. भावाला गावातल्या कुणीतरी कळवलं होतं. तो फोनवर हळू आवाजात बोलत होता. ताई, तुला काही झालं असतं तर बाबांचं काय झालं असतं, असं तो म्हणाला. मी विचारलं, आणि माझं? त्याला वाटलं मी ऐकलं नाही. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं.

काठी मोडली होतीच. रविवार पुन्हा बाकीच्या वारांसारखा झाला. माश्या मी बांधत होते, कारण हात रिकामे ठेवणं त्याहून वाईट होतं, पण त्या ओबडधोबड व्हायच्या आणि मी त्या ब्लेडने कापून परत सोडवायची. पात्रांव शनिवारी यायचे, डब्यात बघायचे आणि काही न घेता जायचे.

असे महिना-दीड महिना गेल्यावर एका शनिवारी ते उठले नाहीत. बाबा झोपले होते. पात्रांव पडवीत येऊन बाकावर बसले आणि मलाही बस म्हणाले.

"तू हाका मारीत हुतंस," ते म्हणाले. "मी आयकलंय. मी त्याच वाटेन निघालंय. आणि मगे तू गप झालंस."

मी बाकावर सरळ होऊन बसले.

ते सांगत राहिले. आवाज थांबला तेव्हा त्यांना वाटलं हाक दुसरीकडून आली असेल. ते बंधाऱ्याच्या दरवाजाकडे मागे फिरले आणि तिकडे शोधत राहिले. मी दुसऱ्यांदा ओरडले नसते तर त्यांना वळणाकडे यायचं सुचलं नसतं. हे त्यांनी दीड महिना स्वतःजवळ ठेवलं होतं. मला दोष द्यायचा नव्हता. त्यांना फक्त विचारायचं होतं की मी गप्प का झाले.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. खंड्याचं सांगितलं, हात सैल पडल्याचं सांगितलं. सांगताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या वाळत घातलेल्या सुपारीकडे बघत होते.

मग ते स्वतःचं सांगू लागले. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ते बोटीवर होते. करार संपत आला होता. बहिणीने पत्र लिहिलं, लवकर ये, माझ्याने आता होत नाही. त्यांनी ते वाचलं आणि कप्तानाकडे जाऊन करार सहा महिन्यांनी वाढवून घेतला. बहिणीला कळवलं की कंपनी सोडत नाही. आई गेली तेव्हा ते दुसऱ्या गोलार्धात कुठल्या तरी बंदरात बटाटे सोलत होते. बहीण आता नाही. तिला त्यांनी खरं कधी सांगितलं नाही.

"माझो गुडघो आता पाण्यात चलना नाय," ते उठताना म्हणाले. "आयतवारी मी बसतंय तुझ्या बापाशीकडे. सातांक येतंय, धा वाजता जातंय."

आणि ते येऊ लागले. ते बाबांजवळ बसतात, रेडिओ लावतात, बाबांची दाढी करतात. बाबा त्यांना रव म्हणत नाहीत, निदान मी असेपर्यंत तरी नाही. मी काठी घेऊन निघते तेव्हा बाबा डोळे मिटून पडलेले असतात. झोपलेले नसतात.

काठी पात्रांवांनी त्यांचीच दिली. दोन तासांचे तीन झाले. हे वाचणाऱ्याला वाटेल की आता सगळं मार्गी लागलं. पहिल्या रविवारी मी बंधाऱ्याच्या दगडावर उभी राहिले आणि खाली उतरू शकले नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. अजूनही मी चिखलात पाय टाकत नाही. दगडावरून जिथवर दोरी पोचते तिथवर गरवते. दोरी मात्र आता पाठीमागे पूर्ण उलगडते, मला ती थांबून बघायची सवय झाली आहे. गेल्या वर्षी एक चोणक लागली, मेकॅनिकच्या चोणकीहून लहान. तिचं कालवण केलं तेव्हा बाबांनी काटे काढून दिलेला एक घास खाल्ला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. भाऊ मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहिला, बाबांचं सगळं त्याने केलं आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला की ताई, मला कल्पना नव्हती. पुढच्या मेमध्ये तो येईल की नाही हे मी विचारलेलं नाही. पुण्याच्या जुन्या कचेरीतून घरबसल्या काढायला थोडे नकाशे येतात.

श्रावणात बाबांना दुसरा झटका आला. आता ते बसू शकत नाहीत. डॉक्टर म्हणाले की असे ते पुष्कळ वर्षं काढू शकतात, हृदय मजबूत आहे. मी मान हलवली. डॉक्टरांना ती चांगली बातमी वाटत होती आणि ती चांगलीच होती.

परवाच्या रविवारी वर घाटात पाऊस झाला असावा, खाडी गढूळ होती. गढूळ पाण्यात माशी दिसत नाही. बाकीचे साडेआठलाच घरी गेले. मी थोडा वेळ उगाच दोरी फेकली, मग आवरून चालू लागले. घरी पोचले तेव्हा साडेनऊ वाजत होते. आतून रेडिओचा आवाज येत होता आणि पात्रांव बाबांना कसल्या तरी बंदराची हकीकत सांगत होते. दार उघडंच होतं. मी आत गेले नाही. काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि दहा वाजेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिले.